रानटर्कीचे वर्तन आणि ध्वनिसंकेत : पालन व शिकार या दोन ज्ञानमार्गांचा विचार

प्रस्तावना

इ.स. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेल्या दुर्मीळ प्राण्यांमध्ये टर्की हा पक्षीही होता. माजावर आल्यावर त्याच्या डोक्याचे व मानेचे रंग सरड्याप्रमाणे पालटतात, असे निरीक्षण जहांगीराने आत्मचरित्रात नोंदविले आहे. या पक्ष्याचा रानटी पूर्वज उत्तर अमेरिका खंडातील असून त्याचे शास्त्रीय नाव मेलिॲग्रिस गॅलोपाव्हो असे आहे. रानटर्कीविषयीचे बरेचसे ज्ञान दोन प्रकारच्या माणसांकडून आले : पिल्ले वाढविणारे आणि शिकार करणारे. हे दोन्ही मार्ग पक्ष्याच्या जीवनाची वेगवेगळी अंगे कशी उघड करतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पालनातून उमगणारे वर्तन

टर्कीची अंडी सुमारे २८ दिवसांत उबतात. पिल्ले लवकरच घरटे सोडून मादीमागे चालू लागतात. पहिले सुमारे दोन आठवडे ती रात्री जमिनीवरच मादीच्या पंखाखाली राहतात. पुढे उडता येऊ लागले की झाडावरील रातथाऱ्यावर जातात. जन्मानंतरच्या अल्पकाळात समोर असलेल्या जिवाला आई मानण्याच्या प्रवृत्तीस ‘मुद्रण’ म्हणतात. कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ मध्ये तिचे सविस्तर विवेचन केले.

या प्रवृत्तीचा आधार घेऊन जो हटो या निसर्गअभ्यासकाने फ्लोरिडातील रानात रानटर्कीची पिल्ले ‘आई’ होऊन वाढविली. त्यांचा ग्रंथ १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. कीटक, साप, ससाणा यांविषयीची बरीचशी सावधता पिल्लांत उपजतच असते व धोक्यानुसार त्यांचे आवाज बदलतात, असे हटो यांना दिसून आले.

आवाजाचे महत्त्व वोल्फगांग श्लाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये पाळीव टर्कीवरील प्रयोगांतून दाखविले. ऐकू न येणाऱ्या माद्यांनी स्वतःचीच पिल्ले मारून टाकली. घरट्याजवळ हालणाऱ्या वस्तूवर मादी हल्ला करते. पिल्लाची चिवचिव तो हल्ला थांबविते. म्हणजे टर्कीच्या मादीचे मातृत्व प्रथम कानावर अवलंबून असते.

शिकारीतून उमगणारे वर्तन

विणीच्या हंगामात नर पहाटे रातथाऱ्यावरूनच ‘गॉबल’ हा घुमणारा आवाज काढतो. सामान्यतः माद्या त्याच्याकडे जातात. तो पिसारा फुलवून वाट पाहतो. शिकारी लाकडी पेटी, पाटीचा तुकडा किंवा पंखाच्या हाडाची शिट्टी यांच्या साहाय्याने मादीच्या आवाजाची नक्कल करून नराला आपल्याकडे बोलावितो. म्हणजेच तो निसर्गक्रम उलटा करू पाहतो. नर उत्तर देऊनही जागचा का हलत नाही, याचे कारण यात आहे. तो मादीच्या येण्याची वाट पाहत असतो.

शरद ऋतूतील शिकारीत थवा विखुरला जातो. काही वेळाने एकाकी पडलेली तरुण पाखरे ‘की-की’ अशी साद घालतात आणि थवा पुन्हा जमतो. ‘पट्’ हा तुटक आवाज मात्र धोक्याचा इशारा असतो. अशा सूक्ष्म भेदांवर शिकाऱ्याचे यश अवलंबून असल्याने त्याचा कान तयार होतो. अभ्यासकांनी रानटर्कीचे दोन डझनांहून अधिक आवाज वेगळे ओळखले आहेत. त्यांतील कित्येक शिकाऱ्यांना परंपरेने ठाऊक होते.

दोन्ही मार्गांच्या मर्यादा

पाळलेला पक्षी माणसाला घाबरत नाही. त्यामुळे त्याच्या भयाचे व दुराव्याचे पूर्ण चित्र पाळणाऱ्यास दिसत नाही. उलट शिकाऱ्याला दिसणारा पक्षी बहुधा सावध झालेला असतो. नराचे मौन हा त्याचा स्वभाव की शिकारीच्या दडपणाचा परिणाम, हे केवळ शिकाऱ्याच्या अनुभवावरून ठरविता येत नाही.

ही मर्यादा केवळ तात्त्विक नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत जंगलतोड व अनिर्बंध शिकार यांमुळे रानटर्की अनेक राज्यांतून नाहीशी झाली. तेव्हा पिंजऱ्यात वाढविलेले पक्षी मोठ्या प्रमाणावर रानात सोडण्यात आले. परंतु ते बहुतांशी टिकले नाहीत. रोगराई व पाळीव वाणाशी झालेला संकर ही कारणे होतीच. शिवाय रानातील मादीच्या सहवासात मिळणारे वळण त्यांना मिळाले नव्हते. उपजत सावधता असली, तरी कोणत्या रानात कोठे चरावे, कोठे रात्र काढावी व आईच्या इशाऱ्यावर कसे दबून बसावे, हे थव्यातच आत्मसात होते. १९५० च्या दशकापासून तोफजाळ्याने रानातीलच पक्षी पकडून दुसऱ्या रानात सोडले जाऊ लागले आणि ही प्रजाती पुन्हा पसरली. या कार्यास १९३७ च्या कायद्यानुसार शिकारीच्या शस्त्रांवरील करातून निधी मिळाला.

निष्कर्ष

पालनातून आई व पिल्लू यांच्यातील भाषा कळते. शिकारीतून नर-मादी, थवा आणि शत्रू यांच्या संदर्भातील भाषा कळते. पिंजऱ्यातील पक्ष्यांच्या अपयशातून असे स्पष्ट होते की, पक्ष्याचे शरीर वाढविणे म्हणजे त्याचे जीवन वाढविणे नव्हे. प्राणिवर्तनाच्या अभ्यासात प्रयोगशाळेबरोबरच पाळणाऱ्याचा व रानात वावरणाऱ्याचा अनुभवही साधन म्हणून स्वीकारावा लागतो. मात्र तो कोणत्या परिस्थितीत मिळाला, याची नोंद ठेवूनच त्याचे मोल ठरविणे इष्ट होय.