हजेरीपटावरचे नाव

चिली देशात अग्निशामकांच्या तुकडीची हजेरी घेतली जाते, तेव्हा सेवेत मरण पावलेल्यांची नावेही जिवंतांच्या बरोबरीने पुकारली जातात, आणि त्या नावाला उभी तुकडी एकमुखाने उत्तर देते : ‘सेवा बजावताना कामी आला!’ पुतळे आणि शिलालेख सर्वच देशांत असतात. परंतु मृताला हजेरीपटावर कायम ठेवणारी ही रीत मला त्या सर्वांहून थोर वाटते.

आपल्याकडे आगीचा बंब म्हणजे सरकारी किंवा नगरपालिकेचे पगारी खाते. चिलीत मात्र वकील, सुतार, दुकानदार, विद्यार्थी अशी सर्व थरांतली माणसे इशारा होताच हातचे काम टाकून आगीकडे धावतात. मुशाहिरा तर त्यांना नाहीच. उलट तुकडीच्या खर्चासाठी वर्गणी त्यांनीच भरावयाची असते. वालपाराइसो बंदरात १८५१ साली असे पहिले दल उभे राहिले.

राजधानी सांतियागोला मात्र त्यासाठी भयंकर किंमत मोजावी लागली. ८ डिसेंबर १८६३ रोजी, मेरीमातेच्या उत्सवाच्या सायंकाळी, दिव्यांनी आणि आराशीने भरलेल्या जेझुइट चर्चला आग लागली. जिवाच्या आकांताने दाराशी लोटलेल्या गर्दीला बाहेर पडता येईना, आणि सुमारे दोन हजार माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, जळून मेली. होसे लुईस क्लारो या तरुणाने लगेच वृत्तपत्रातून स्वयंसेवकांना हाक दिली, आणि त्याच महिन्याच्या २० तारखेस शहराचे दल स्थापन झाले.

त्या दलाचा पहिला हुतात्मा हेर्मान तेंदेरिनी हा जन्माने चिलीचा नव्हे. तो इटलीहून आलेला, संगमरवराचे काम करणारा कारागीर. चर्चच्या आगीला बरोबर सात वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे ८ डिसेंबर १८७० रोजी, म्युनिसिपल थिएटर पेटले. तेंदेरिनी त्या जळत्या वास्तूत शिरला आणि जिवंत परतला नाही. ज्या मुलुखाशी त्याचे रक्ताचे नाते नव्हते, त्याच्यासाठी त्याने प्राण वेचले. तेथे असा माणूस परका उरत नाही. त्याच नाट्यगृहाच्या बाजूने जाणाऱ्या रस्त्याला आज त्याचे नाव आहे.

वालपाराइसोवर तर १ जानेवारी १९५३ रोजी, नव्या वर्षाच्या पहिल्याच प्रहरात, आघात झाला. लाकडाच्या वखारीची आग विझवीत असताना शेजारच्या सरकारी गुदामात ठेवलेली स्फोटके उडाली आणि ३६ स्वयंसेवक एकदम ठार झाले. गुदामात दारू ठेवणाऱ्या खात्याच्या बेफिकिरीची शिक्षा बिनपगारी माणसांनी भोगावी, हा अन्यायच होय. अशा वीरांची अंत्ययात्रा तेथे रात्री, मशालींच्या उजेडात निघते.

आपल्याकडे १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. कारण १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावरील स्फोटांत अग्निशामक दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. ते पगारी होते, म्हणून त्यांचे आपल्यावरील ऋण उणे होत नाही. वाचकांस विनंती एवढीच, की येत्या १४ एप्रिलला आपल्या गावच्या अग्निशमन केंद्रात मुलांना घेऊन जावे, तेथे कामी आलेल्यांची नावे विचारावीत, आणि ती त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्यावीत.