भिंतीला भोक पाडायचं कुणी?

पुण्यात असताना मी भिंतीत साधा खिळाही ठोकला नव्हता. खरंच! काही मोडलं की बाबा सुतारकाकांना फोन करायचे, काका पोऱ्याला घेऊन यायचे, आई चहा टाकायची, काम खल्लास. मग नोकरीने मला इंग्लंडमध्ये आणून टाकलं. इथे सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी चर्चा काय? तर साहेबांनी वीकएंडला बाथरूमच्या फरश्या स्वतः बसवल्या! आपल्याला चक्करच यायची बाकी होती.

पण कारागिराचं पहिलं बिल हातात पडलं की कुणालाही अक्कल येते. इथे माणसाचा वेळ महाग, म्हणून डीआयवाय, म्हणजे ज्याचं त्यानेच करायचं. त्यासाठी गावाबाहेर गोदामाएवढी दुकानं. बी अँड क्यू १९६९ मध्ये साउदॅम्प्टनला सुरू झालं, होमबेसचं पहिलं दुकान १९८१ मध्ये क्रॉयडनला. रविवारी मोठी दुकानं उघडायला कायद्याने बंदी होती तेव्हाही बी अँड क्यूवाले उघडायचे आणि कोर्टात भांडायचे. शेवटी १९९४ च्या कायद्याने रविवारचे सहा तास पदरात पडले. देवळासारखी गर्दी व्हायची म्हणे.

मी मात्र बरीच वर्षं भाड्याच्या घरात. करारात स्पष्ट लिहिलेलं, भिंतीला खिळा नाही. पुढे कर्ज काढून छोटासा फ्लॅट घेतला आणि पहिल्याच रविवारी ड्रिल मशीन चालवून स्वयंपाकघरात फळी लावली. रात्री दोन वाजता धडाम! हळद, गोडा मसाला, आईने पाठवलेलं मेतकूट, सगळं जमिनीवर. एकटाच बसून झाडत होतो. रडू आलं, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर होमबेस गाठलं. पिकल्या केसांचे एक आजोबा ॲप्रन घालून उभे होते. या धंद्यात अशी माणसं मुद्दाम घ्यायचे. बी अँड क्यूने १९८९ मध्ये मॅकल्सफील्डचं अख्खं दुकान पन्नाशीपुढच्या लोकांच्या हाती दिलं होतं. आजोबांनी विचारलं, ‘भिंत वाजवून बघितलीस?’ मी गप्प. आमच्या विटांच्या भिंती कोण वाजवतो? इथे आतल्या भिंती बऱ्याचदा पोकळ, वरून नुसता जिप्समचा पत्रा. त्यांना वेगळी गिट्टी लागते, आत जाऊन छत्रीसारखी उघडणारी. आजोबांनी वीस मिनिटं समजावलं.

आणि मी काय केलं? तिथेच मोबाइल काढला, तीच गिट्टी दोन पाउंडांनी स्वस्त दिसली, ऑर्डर करून मोकळा.

माझ्यासारखे लाखो असणार. शिवाय मालकांनीही कमी घोळ घातले नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या वेसफार्मर्सने २०१६ मध्ये होमबेस ३४ कोटी पाउंडांना घेतलं, उशा-पडद्यांचा माल काढून टाकला, आणि २०१८ मध्ये सगळं एका पाउंडाला विकलं. एका! लॉकडाउनमध्ये सगळं इंग्लंड रंगाचे डबे घेऊन बसलं तेव्हा पुन्हा धुगधुगी आली, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी कोसळली. नाव आणि जास्तीत जास्त ७० दुकानं दुसऱ्याने उचलली, बाकीची रामभरोसे. बी अँड क्यू टिकून आहे, पण त्याच मालकाचं स्क्रूफिक्स बघा. फोनवर ऑर्डर, काउंटरवरून पिशवी, पाच मिनिटांत बाहेर. भटकायला जागाच नाही. आणि घरी येऊन कपाट जोडायला सांगणाऱ्या आयकियाने २०१७ मध्ये चक्क टास्करॅबिट विकत घेतलं. आता कपाट जोडायला माणूसही तेच पाठवतात. म्हणजे फिरून सुतारकाकाच, फक्त चहा नाही.

आमचं दुकान बंद होण्याआधीच्या सेलला गेलो होतो. मालाचे रॅकही विकायला काढलेले. आजोबा कुठे दिसले नाहीत. अर्ध्या किमतीत गिट्ट्यांची चार पाकिटं आणली, गरज नसताना.

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या नव्या मुलीला भिंतीवर आरसा लावायचा होता. मी ड्रिल घेऊन गेलो, भिंत वाजवली. पोकळ. खिशातून गिट्टी काढली, तेवढ्यात तिला घरमालकाचा मेसेज आला, भोक पाडायचं नाही.

आरसा अजून जमिनीवरच आहे, भिंतीला टेकवून.