आमच्या गावचा ओढा

आमचे गाव पारनेर तालुक्यात आहे. गावाच्या उत्तरेला माळ आहे. पावसाळ्यात माळावरचे पाणी घळीतून खाली येते व त्याचा ओढा होतो. तो पुढे दक्षिणेला कुकडी नदीला मिळतो. कुकडी घोडला, घोड भीमेला व भीमा कृष्णेला मिळते. कृष्णा बंगालच्या उपसागराला जाते. मग सगळेच पाणी समुद्राला गेले तर आपण काय प्यायचे? पण सगळे जात नाही. ते का, हे ओढ्याच्या दरडीत दिसते.

दरडीत सर्वांत वर काळी माती आहे. तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे असतात. तिच्याखाली मुरूम आहे. तो पहारीने लगेच निघतो. मुरमाच्या खाली काळा पाषाण आहे. त्यावर पहार मारली की ठण्ण वाजते.

हा पाषाण आगीतून आला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. तो पसरला व थंड झाला. असे थरावर थर बसले. सह्याद्रीचे डोंगरही याच दगडाचे आहेत. हाच दगड ऊन-पावसाने कुजला की त्याचा मुरूम होतो आणि मुरमाची माती होते. निघोजला कुकडीच्या पात्रात याच दगडात रांजणखळगे आहेत. पुराच्या भोवऱ्यात गोटे गरगर फिरले आणि त्यांनी दगड कोरला.

आता पाण्याचे सांगतो. पाणी वाळूत व मुरमात मुरते. खालच्या पाषाणाला चीर नसेल तर ते आणखी खाली जात नाही. मग ते हळूहळू सरकत विहिरींना येते. दिवाळीनंतर ओढा कोरडा दिसतो, पण वाळूत झरा खणला की पाणी लागते. आजोबा म्हणतात, "ओढा वरून आटतो, खालून चालूच असतो बघ."

पण आता रात्रीचे ट्रॅक्टर येतात आणि वाळू भरून नेतात. वाळू गेली की उघडा दगड राहतो. त्यावरून पाणी पळून जाते, मुरत नाही. यंदा काठच्या विहिरीचा तळ होळीलाच दिसला. राळेगणसिद्धी आपल्याच तालुक्यात आहे. तिथे लोकांनी नाल्यांवर बांध घातले, पाणी जिरवले, म्हणून विहिरींना पाणी वाढले.

घर बांधायला वाळू लागते हे खरे. पण प्यायला पाणीच नसले तर त्या घरात राहणार कोण? आज शाळेत आलेल्या पालकांनी घरी जाताना एकदा ओढ्याकडे बघावे, ही विनंती.

— इयत्ता चौथी