कार्डावरची जमा रक्कम कोणाच्या खात्यात जाते?

क्रेडिट कार्डाच्या खात्यात बहुतेक वेळा कार्डधारक बँकेचे देणे लागतो. कधीकधी हे उलटते आणि बँकच कार्डधारकाचे देणे लागते. अशा वेळी स्टेटमेंटमध्ये एकूण देय रकमेपुढे उणे चिन्ह येते किंवा आकड्याच्या शेवटी ‘सीआर’ छापलेले असते. ही कार्डावरची जमा शिल्लक. तिच्यावर व्याज मिळत नाही, आणि ती बचत खात्यातल्या पैशासारखी हवी तेव्हा हवी तिकडे वळवताही येत नाही. पैसे मात्र कार्डधारकाच्या हक्काचे असतात.

अशी शिल्लक उरण्याची कारणे साधीच असतात. बिल दोनदा भरले जाते. घरात एकाने ॲपवरून भरलेले असते आणि बँकेला दिलेल्या कायमच्या सूचनेनुसार तेच बिल खात्यातूनही कापले जाते. पण मोठ्या रकमा उरतात त्या परताव्यांमुळे. पुण्याजवळच्या हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत काम करणारी अनेक तरुण मंडळी शेजारच्या महाळुंग्यातल्या इमारतींत तीन-चार जण मिळून भाड्याने राहतात. समजा, अशा एका फ्लॅटमधल्या चौघांनी सहलीची विमान तिकिटे एकाच्या कार्डावर काढली, ८०,००० रुपये झाले. तिघांनी आपापले २०,००० रुपये त्याला यूपीआयने दिले आणि त्याने कार्डाचे बिल वेळेत भरून टाकले. पुढे विमान रद्द झाले आणि सगळे पैसे परत आले. परतावा ज्या कार्डावरून खरेदी झाली त्याच कार्डावर येतो, त्यामुळे ८०,००० रुपये एकाच्याच कार्डावर जमा दिसू लागले. त्यातले ६०,००० खरे तर बाकी तिघांचे. बँकेने हे पैसे परस्पर त्या तिघांच्या खात्यांत टाकावेत, अशी अपेक्षा इथून सुरू होते.

भारतात ही अपेक्षा पूर्ण होत नाही. क्रेडिट आणि डेबिट कार्डांबाबत रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी काढलेले निर्देश १ जुलै २०२२ पासून लागू झाले. जमा रकमेचे काय करायचे हे त्यांत नेमके सांगितले आहे. बिल भरायचे बाकी असताना, भरण्याच्या शेवटच्या तारखेआधी परतावा आला, तर तो लगेच त्या देय रकमेतून वजा करायचा आणि तसे कार्डधारकाला कळवायचे. १८,५०० रुपयांचे बिल असेल आणि १२,००० रुपये परत आले असतील, तर भरायचे उरतात ६,५००. बिल आधीच भरलेले असेल, तर मात्र आलेली रक्कम कार्डाच्या मर्यादेत परस्पर मुरवण्याची मोकळीक बँकेला नाही. रक्कम कार्ड मर्यादेच्या एक टक्का किंवा ५,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल त्यापेक्षा जास्त असली, तर ती कार्डावर ठेवायची की नाही हे बँकेने सात दिवसांच्या आत ईमेलने किंवा एसएमएसने विचारायचे असते. दोन लाखांची मर्यादा असलेल्या कार्डासाठी ही सीमा २,००० रुपयांची होते. पाच लाख किंवा त्याहून मोठी मर्यादा असेल तर ५,००० रुपयांची. कार्डधारकाने उत्तरच दिले नाही, तर पैसे त्याच्या बँक खात्यात पाठवायचे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी लागते. त्या संदेशाला ‘हो’ म्हटले की पैसे कार्डावरच राहतात आणि पुढच्या खरेदीत वळते होतात. तिघांचे पैसे परत करायचे असतील तर ही संमती देऊ नये.

बँकेच्या संदेशाची वाट पाहत बसण्याचीही गरज नसते. रक्कम कितीही लहान असली तरी कार्डधारक ती बँक खात्यात मागू शकतो आणि अर्ज मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत बँकेने ती पाठवावी लागते. नियमातले शब्द ‘कार्डधारकाच्या बँक खात्यात’ असे आहेत. मित्राच्या, घरमालकाच्या किंवा आईच्या खात्यात पाठवण्याची तरतूद त्यात नाही. अर्ज कस्टमर केअरला फोन करून, बँकेच्या ॲपमधून किंवा ईमेलने करता येतो. कार्ड आणि बचत खाते एकाच बँकेत असेल तर काम सोपे होते. कार्ड एका बँकेचे आणि खाते दुसऱ्या बँकेत असेल, तर खाते कार्डधारकाच्याच नावाचे आहे याचा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी सहसा नाव छापलेला रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचे पहिले पान मागतात. पती-पत्नीचे संयुक्त खाते चालेल का, हे त्या बँकेच्या अंतर्गत नियमांवर ठरते. अर्जाआधीच विचारून घेतलेले बरे.

खाते क्रमांक लिहिताना तो पुन्हा तपासावा. एनईएफटीने येणारी रक्कम खाते क्रमांक पाहून जमा होते, नाव जुळते की नाही हे पाहून नव्हे. क्रमांक अचूक देण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेने पाठवणाऱ्यावरच ठेवलेली आहे. रक्कम पाठवण्याआधी समोरच्या खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करा, असे बँकांना सांगितले गेले ते अशा चुका टळाव्यात म्हणूनच. एक अंक चुकला तरी पैसे अनोळखी माणसाकडे जाऊ शकतात आणि ते परत मिळवणे जिकिरीचे होते.

तिसऱ्याच्या खात्यावर पैसे न देण्यात बँकेचा आडमुठेपणा नाही. चोरलेल्या पैशाने एखाद्याच्या कार्डाचे बिल गरजेपेक्षा जास्त भरायचे आणि उरलेली रक्कम तिसऱ्याच खात्यात मागवायची, ही पैशाचा माग पुसण्याची सोपी वाट झाली असती. काळ्या पैशाला आळा घालणाऱ्या २००२ च्या कायद्याप्रमाणे बँकेला आपल्या ग्राहकाची ओळख पटवावी लागते आणि व्यवहारांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. पैसे कार्डधारकाच्याच खात्यात गेले की ही साखळी अखंड राहते. शिवाय कोणी अनोळखी माणूस फोन करून ‘तुमच्या कार्डावर चुकून जास्त रिफंड आला, तो या खात्यात परत करा’ म्हणाला, तर तो फसवणुकीचाच प्रकार समजावा. परतावा खरोखरच चुकून आलेला असेल तर तो देणारा दुकानदार त्याच मार्गाने, बँकेमार्फत परत घेतो. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तरच रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता बरी असते.

तेव्हा रास्त मार्ग दोन टप्प्यांचा आहे. आधी पैसे स्वतःच्या बचत खात्यात मागवायचे, मग तिथून ज्याचे त्याला पाठवायचे. चौघांच्या उदाहरणात प्रत्येकी २०,००० रुपये यूपीआयने सहज जातात, कारण माणसामाणसांतल्या यूपीआय व्यवहारांची दिवसाची मर्यादा साधारण एक लाखाची असते. पाठवताना ‘विमान तिकिटाचा परतावा’ अशी नोंद लिहावी. ही भेट नव्हे आणि उत्पन्नही नव्हे, आपलेच पैसे परत मिळत आहेत, हे पुढे कधी विचारणा झाल्यास त्यावरून दाखवता येते.

बचत खाते टाळून थेट कार्डावरून दुसऱ्याला पैसे देण्याच्या वाटा शोधण्यात फायदा नाही. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, पण त्यातून दुकानदाराला पैसे देता येतात, मित्राला नाही. एटीएममधून रोख काढली तर बहुतेक बँका रोख उचलीचे शुल्क लावतात, कार्डावर स्वतःचेच पैसे शिल्लक असले तरीही. महाळुंगे-हिंजवडी पट्ट्यात भाड्याने राहणाऱ्यांत तिसरी वाट फार रुळली होती, ती म्हणजे ॲपमधून कार्डाने घरमालकाला भाडे देण्याची. तिच्यावर बँकांनी २०२२ पासून शुल्क लावायला सुरुवात केली. पुढे १५ सप्टेंबर २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने पेमेंट कंपन्यांना बजावले की, ज्यांच्याशी करार झालेला आहे आणि ज्यांची ओळख पडताळलेली आहे अशा व्यापाऱ्यांनाच पैसे पोचते करावेत. घरमालक असा व्यापारी नसतो. त्यानंतर मोठ्या ॲपनी ही सेवा बंद केली.

जमा दिसणारी प्रत्येक रक्कम काढण्याजोगी असतेच असे नाही. कार्डाचा गैरवापर झाल्याची तक्रार केल्यावर बँक कामाच्या दहा दिवसांत ती रक्कम तात्पुरती जमा दाखवते. हे रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकामुळे. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत ते पैसे आपले धरून चालू नये.

पुरवणी कार्डाच्या बाबतीत नियम सरळ आहे. पत्नीला, मुलाला किंवा वडिलांना दिलेल्या कार्डावरच्या खर्चाची जबाबदारी मुख्य कार्डधारकाची असते, म्हणून परतावाही त्याच्याच खात्याकडे येतो, खरेदी कोणीही केलेली असो. कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेल्या कार्डाचे तसे नाही. त्यावर बिल कोण भरते आणि शिल्लक कोणाची, हे कंपनी आणि बँक यांच्यातल्या करारात लिहिलेले असते. नोकरी सोडताना ते वाचून घ्यावे.

कार्डच बंद करायचे असेल, तर सर्व देणी चुकती झाल्यावर कामाच्या सात दिवसांत ते बंद करणे बँकेला बंधनकारक आहे. उशीर झाल्यास दर दिवशी ५०० रुपये कार्डधारकाला द्यावे लागतात. बंद झाल्यावर उरलेली जमा त्याच्या बँक खात्यात जाते आणि खात्याचा तपशील बँकेकडे नसेल तर तो मागून घेणे हे बँकेचे काम आहे.

कार्डधारक हयात नसेल तेव्हा मात्र पैसे खरोखरच दुसऱ्याला द्यायचे असतात, आणि सर्वात जास्त ओढाताण इथेच होते. बँक ठेवींसाठी नामनिर्देशन असते, ते बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५झेडएप्रमाणे ठेवीदारांसाठी आहे. क्रेडिट कार्डावरची शिल्लक ही ठेव नाही, त्यामुळे बचत खात्यावरचा नॉमिनी कार्डाच्या शिलकीवर आपोआप हक्क सांगू शकत नाही. बँक आधी कार्डाचे देणे वजा करते. त्यानंतर उरलेली रक्कम मृताच्या मालमत्तेत धरली जाते आणि वारसांची होते. कायद्याच्या भाषेत बँक ही मृताची ऋणको ठरते. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे दिवाणी न्यायालय जे उत्तराधिकार प्रमाणपत्र देते, ते अशाच येण्यांच्या वसुलीसाठी असते. महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियमाखालीही न्यायालयाकडून वारस दाखला घेता येतो.

महाळुंगे ज्या मुळशी तालुक्यातले, तिथे अनेक कुटुंबांची शेतजमीन असते आणि घरातले कोणी गेल्यावर तलाठ्याकडे वारस नोंद केली जाते. ती नोंद जमिनीच्या अभिलेखापुरती असते. बँकेतल्या पैशासाठी तेवढ्यावर भागत नाही, आणि हे आधी ठाऊक नसल्यामुळे लोकांचे हेलपाटे होतात. रक्कम लहान असेल तर बहुतेक बँका न्यायालयाच्या कागदाचा आग्रह धरत नाहीत. मृत्यूचा दाखला, वारसांची ओळखपत्रे, प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र यांवर त्या पैसे देतात. महाळुंगे ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत आले, त्यामुळे आता तिथल्या मृत्यूचा दाखला महापालिकेकडून मिळतो. त्याआधीच्या मृत्यूंची नोंद ग्रामपंचायतीच्या काळातली, तेव्हा दाखला काढताना तारीख पाहून कुठे जायचे ते ठरवावे. दरम्यान मृताच्या बचत खात्यात परस्पर रक्कम आलीच, तर ‘कै. अमुक यांची मालमत्ता’ अशा नावाने खाते उघडून त्यात ती जमा करण्याची सोय बँकांना २००५ पासून आहे. त्यातून वारस ठरेपर्यंत काही काढता येत नाही.

अमेरिकेत शिकून किंवा नोकरी करून परतलेल्या मराठी मुलांनाही हा प्रश्न पडतो. तिथल्या नियमाप्रमाणे एका डॉलरपेक्षा जास्त जमा असेल आणि कार्डधारकाने लेखी मागणी केली, तर कामाच्या सात दिवसांत ती परत द्यावी लागते. सहा महिने शिल्लक तशीच राहिली, तर बँकेनेच कार्डधारकाला शोधून ती देण्याचा प्रामाणिक प्रयत्न करायचा असतो. पण परतावा चेकने आला तर तो कार्डधारकाच्या नावाचा असतो आणि पुण्यात डॉलरचा चेक वटवणे वेळखाऊ असते. देश सोडण्याआधी, तिथले खाते चालू असतानाच शिल्लक मागून घेणे सोयीचे पडते.

भारतातल्या बँकेने तीन दिवसांत पैसे दिले नाहीत, तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करून क्रमांक घ्यावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या संकेतस्थळावर विनाशुल्क नोंदवता येते आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. सोबत जमा दाखवणारे स्टेटमेंट, परतावा मागितल्याचा अर्ज किंवा ईमेल आणि बँकेने दिलेला तक्रार क्रमांक जोडावा.