नाबोथचा द्राक्षमळा : भोर-वेल्ह्यापासून गडचिरोलीपर्यंत

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत कोठेही जा, भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत किंवा वरसगाव यांपैकी एखाद्या जलाशयाचे पाणी दृष्टीस पडतेच. (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड करण्यात आले आहे, बोलण्यात मात्र अजून वेल्हेच आहे.) राजगड-तोरण्याच्या सहलीस जाणारे आपले युवक त्या पाण्याची छायाचित्रे घेऊन परततात. त्याच पाण्याच्या कडेला, गावापासून थोड्या अंतरावर, कुडाच्या भिंतींची पाच-दहा घरे असतात. ती कातकऱ्यांची वस्ती. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. जंगलावरील हक्क गेले तसा हा धंदा गेला. पुढे कोळसा पाडणे, वीटभट्टी, मासे-खेकडे आणि मिळेल ती मजुरी यांवर पोट आले. पावसाळा संपला की निम्मी वस्ती भट्टीवर जाते आणि मुलांची शाळा तेथेच थांबते.

या माणसाची खरी अडचण गरिबी एवढीच नाही. ज्या जमिनीवर त्याचे घर आहे ती पुष्कळदा दुसऱ्याच्या नावावर असते. जातीचा दाखला मागावयास गेला तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि ज्याचे आजोबा दरवर्षी मुक्काम बदलत होते त्याने तो आणावा कोठून? आजूबाजूला चोरी झाली तर पहिला संशय कोणावर जातो, हे आपण सारे जाणतो. प्रामाणिकपणे सांगायचे तर तो आपल्याही मनात येतो. त्याच्या शब्दाला कागदाचा आधार नाही, म्हणून त्याच्या शब्दाला किंमतही नाही. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण राज्याच्या दुसऱ्या टोकाला याच गोष्टीची किंमत माणसे प्राणाने मोजत आली आहेत.

महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती केंद्र शासनाने विशेष असुरक्षित म्हणून नोंदविल्या आहेत, त्या म्हणजे कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. भोर-वेल्ह्याचा कातकरी आणि गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड-एटापल्लीचा माडिया असे एकाच यादीत आहेत. माडियांच्या मुलखात जंगल अद्याप उभे आहे, त्यांची भाषा जिवंत आहे आणि डोंगराच्या पोटात लोहखनिज आहे. १९८० च्या सुमारास आंध्र प्रदेशातून नक्षलवादी गट येथे आले. तेंदूपानांची मजुरी आणि वनरक्षकांची दांडगाई हे त्यांचे सुरुवातीचे विषय होते. त्या तक्रारी खऱ्या होत्या, म्हणूनच त्यांना आसरा मिळाला. पुढे बंदुकीने गावाचाच ताबा घेतला.

या प्रदेशाचे सैनिकीकरण झाले असे म्हटले जाते, त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. तेथे भारतीय सेना तैनात नाही. केंद्रीय राखीव पोलीस दल, राज्य राखीव दल आणि १९९० मध्ये उभारलेले सी-६० हे जिल्हा पोलिसांचे पथक अशी दले तेथे आहेत. आरंभी साठ जवान घेतले म्हणून सी-६० हे नाव पडले. हे जवान बहुतांशी त्याच जिल्ह्याचे, पुष्कळसे आदिवासीच. म्हणजे गोळी कोणत्याही बाजूने सुटली तरी दोन्हीकडील मातांना बरेचदा एकाच भाषेत रडावे लागते. केवळ २००९ या एका वर्षात मर्केगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी येथे माओवाद्यांनी अनुक्रमे १५, १६ आणि १७ पोलिसांना ठार केले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, जांभुळखेडा येथे भूसुरुंगात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक मृत्यू पावले. खबऱ्या ठरवून माओवाद्यांनी मारलेल्या साध्या गावकऱ्यांची संख्या तर याहून किती तरी मोठी आहे. ज्याला रात्री घराबाहेर बोलावून नेले त्याला ना वकील होता, ना अपील. मानवी हक्कांविषयी बोलताना या मृतांना वगळणारा अर्धेच बोलतो.

उरलेले अर्धेही बोललेच पाहिजे. २२ एप्रिल २०१८ रोजी कसनासूर-बोरियाच्या जंगलात इंद्रावतीच्या काठी चकमक झाली. त्या आणि दुसऱ्या दिवशीच्या चकमकीत मिळून ४० जण मारले गेले. काही मृतदेह नदीच्या पाण्यातून काढावे लागले. पोलिसांच्या मते हे सारे माओवादी होते. एटापल्ली तालुक्यातील गट्टेपल्ली गावाच्या पालकांनी मात्र सांगितले, की आमची मुले लग्नासाठी म्हणून घरून निघाली होती आणि परत आलीच नाहीत. दोन्ही म्हणणी एकमेकांसमोर ठेवून, साक्षी तपासून, कोणते खरे ते ठरवणे हे कायद्याचे काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, चकमकीत मृत्यू झाल्यास काय केले पाहिजे हे स्पष्टपणे सांगून ठेवले आहे. गुन्हा नोंदवावा, तपास चकमकीत सामील नसलेल्या स्वतंत्र पथकाकडे द्यावा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, मृताच्या नातलगांना लवकर कळवावे. मुंबईतील चकमकींवरून हा खटला उभा राहिला होता. नियम मात्र देशभर लागू आहेत. परंतु दंडाधिकाऱ्यापुढे उभा राहणारा बाप माडिया बोलतो आणि कामकाज मराठीत चालते. सरकारविरुद्ध बोलावे तर पोलीस ठाणे जवळ. माओवाद्यांविरुद्ध बोलावे तर जंगल त्याहून जवळ. तो गप्प बसतो, आणि त्याचे गप्प बसणे दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वाचतात.

पवित्र शास्त्रात, राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात, इज्रेल नगरीतील नाबोथची कथा आहे. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. मोबदला चांगला देऊ केला होता. त्याहून उत्तम मळाही देऊ केला होता. नाबोथ म्हणाला, ही माझ्या वाडवडिलांची जमीन आहे, ती मी देणार नाही. राजा रुसून पलंगावर पडला. पुढचे काम ईजबेल राणीने केले, आणि ते अगदी कायद्याच्या चौकटीत केले: नगरीतील वडीलधाऱ्यांना पत्रे लिहिली, सभा भरवली, दोन साक्षीदार उभे केले. आरोप असा ठेवला की याने देवाला आणि राजाला शाप दिला. आजच्या भाषेत त्याला राजद्रोह म्हणता येईल. नाबोथला दगडमार झाली आणि अहाब मळ्याचा ताबा घ्यावयास निघाला. प्रवचनांत आपण ही कथा लोभाची म्हणून ऐकतो. ती खोट्या साक्षीचीही आहे. जमीन थेट हिसकावली गेली नाही. आधी मालकाला गुन्हेगार ठरवण्यात आले.

गडचिरोलीत सारे काही असेच घडले, असा माझा दावा नाही. तथापि एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचा डोंगर पाहिल्यावर नाबोथ आठवतो खरा. हा डोंगर ठाकूरदेवाचा. भोवतालच्या सुमारे सत्तर गावांची जत्रा तेथे भरते. २००७ मध्ये या डोंगरावरील सुमारे ३४८ हेक्टर क्षेत्र लोहखनिजासाठी एका कंपनीस भाडेपट्ट्याने देण्यात आले. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तेथील सत्तरहून अधिक वाहने जाळली आणि त्यानंतर खाणीच्या रक्षणासाठी बंदोबस्त वाढत गेला. २०२३ मध्ये खाणीची मर्यादा वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्यास मंजुरी मिळाली. त्याच वर्षी ११ मार्चपासून तोडगट्टा येथे नव्या खाणींच्या विरोधात गावकरी धरणे देऊन बसले. हातात बंदूक नव्हती; ग्रामसभांचे ठराव होते. सुमारे अडीचशे दिवसांनंतर, २० नोव्हेंबर २०२३ रोजी, पोलिसांशी झटापट केल्याच्या आरोपावरून आंदोलकांना ताब्यात घेण्यात आले आणि धरणे मोडले. जवळच्या वांगेतुरी येथे त्याच सुमारास नवे पोलीस मदत केंद्र उभे राहिले. त्यासोबत रस्ता आला, आणि रस्त्यावरून रुग्णवाहिकाही येऊ शकते, हे नाकारण्याचे कारण नाही. गावकऱ्यांचा प्रश्न एवढाच होता, की रस्ता प्रथम कोणासाठी? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात म्हटले आहे, की मोठे प्रकल्प येतात तेव्हा आदिवासी समाज हे संवादातील प्रमुख सहभागी असले पाहिजेत, कारण त्यांच्या दृष्टीने भूमी ही विक्रीची वस्तू नसून देवाचे आणि पूर्वजांचे दान आहे. १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला जो मान देतो, तो याच जातीचा आहे.

फादर स्टॅन स्वामी यांचे नाव येथे आल्यावाचून राहत नाही. तिरुचिरापल्ली जिल्ह्यात २६ एप्रिल १९३७ रोजी जन्मलेले हे जेज्वीट धर्मगुरू उत्तरायुष्यात झारखंडच्या आदिवासींमध्ये राहिले. माओवादी म्हणून तुरुंगात खितपत पडलेल्या आदिवासी तरुणांना त्यांनी भेटून एक सोपा प्रश्न विचारला: तुझा खटला कोठवर आला? पुष्कळांना आपल्यावरील आरोपही नीट ठाऊक नव्हता. या कच्च्या कैद्यांसाठी फादरांनी झारखंड उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. पुढे ८ ऑक्टोबर २०२० रोजी, ८३ व्या वर्षी, तेच बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली अटकेत गेले. खटला मुळात पुणे पोलिसांनी नोंदविलेला, एल्गार परिषदेचा, तुरुंग तळोजाचा. त्यांचा हात कंपवाताने थरथरत असे, आणि पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. या कायद्यात जामिनाचा नियम उलटा आहे. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटतो एवढे न्यायालयास पटले की जामीन देता येत नाही, आणि त्या टप्प्यावर पुराव्याची उलटतपासणी होत नाही. विशेष न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये त्यांचा जामीन नाकारला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांनी देह ठेवला, तेव्हा उच्च न्यायालयापुढे त्यांची जामिनाची याचिका प्रलंबित होती. खटल्याची सुनावणी सुरू झालीच नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संगणकतज्ज्ञ संस्थेने असा निष्कर्ष दिला, की फादरांच्या संगणकात आक्षेपार्ह कागदपत्रे बाहेरून घुसवण्यात आली होती. तपास यंत्रणेने आर्सेनलचे अहवाल मान्य केलेले नाहीत. न्यायालयात याचा निवाडा ऐकावयास ज्याने हजर असायला हवे, तो मात्र आता हयात नाही.

योगायोग असा, की त्याच तारखेला, बरोबर दहा वर्षांपूर्वी, ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडमधील सलवा जुडूमबाबत निर्णय दिला होता. अल्पशिक्षित आदिवासी तरुणांच्या हाती तुटपुंज्या मानधनावर बंदुका देऊन त्यांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून माओवाद्यांपुढे उभे करणे घटनाबाह्य ठरवण्यात आले.

गडचिरोलीतील चित्र अलीकडे झपाट्याने पालटले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या नावाने ओळखला जाणारा ज्येष्ठ माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. बंदूक शांत होत असेल तर त्याबद्दल परमेश्वराचे आभारच मानले पाहिजेत. परंतु जी माणसे मधल्या काळात संशयित ठरली, त्यांच्या फायली शांत झालेल्या नाहीत, आणि डोंगरातील खनिजही संपलेले नाही.

आता पुन्हा आपल्या जवळच्या वस्तीकडे येऊ. पुणे जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र आहे ते जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत. भोर-वेल्हे त्यात नाहीत, म्हणून येथील कातकरी आणि महादेव कोळी यांना पेसा कायद्याचा आधार नाही. वनहक्क कायदा, २००६ मात्र येथेही लागू आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर घर किंवा शेती असेल तर चार हेक्टरपर्यंत दावा करता येतो. वनक्षेत्रातील जलाशयांत मासेमारी करण्याचा सामूहिक हक्कही मागता येतो. खाजगी मालकाच्या जमिनीवरील झोपडीला हा कायदा उपयोगी नाही, हे आधीच सांगावे, म्हणजे नंतर निराशा होत नाही. डोंगरावरील धनगर कुटुंबांना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. दावा ग्रामसभेकडे, तेथून वनहक्क समितीच्या पडताळणीनंतर उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे जातो. दावा फेटाळल्यास तसे दावेदारास कळवावे लागते, आणि त्याला साठ दिवसांत वरच्या समितीकडे जाता येते.

या कायद्याच्या नियमांतील तेरावा नियम पुराव्यांविषयी आहे. त्यात सरकारी नोंदी आहेत, मतदार ओळखपत्र आहे, शिधापत्रिका आहे. आणि त्याच यादीत, त्याच मानाने, आणखी एक पुरावा आहे: दावेदाराखेरीज वस्तीतील अन्य वृद्ध व्यक्तींनी दिलेली आणि लिहून घेतलेली हकीकत. म्हणजे वस्तीतील एखाद्या आजीने सांगितले, की ‘ह्याचा बाप इथंच राहत होता, ह्या आंब्याखाली’, तर ते कायद्याने पुरावा ठरते. केवळ तेवढ्यावर भागत नाही. एकाहून अधिक पुरावे जोडावे लागतात. दुसरा पुरावा म्हणून जुने घर, घातलेला बांध किंवा सपाट केलेले शेत चालते. आजीला लिहिता येत नसेल, तर तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत उतरवून, तिला वाचून दाखवून, त्याखाली तिचा अंगठा घ्यावा.