तळघरातील बांधणी

शिकागो शहराच्या उत्तर भागात, वेस्टर्न आणि कॅलिफोर्निया या हमरस्त्यांच्या दरम्यान डेव्हन ॲव्हेन्यूचा जो पट्टा येतो, ज्याच्या एका भागाला महात्मा गांधींचे तर दुसऱ्या भागाला महंमद अली जीनांचे नाव सन्मानार्थ दिलेले आहे, त्या रस्त्यावर 1974 साली पटेल ब्रदर्सचे पहिले किराणा दुकान उघडले, आणि डाळी, पोहे, साड्या व सोने यांचा व्यापार तिथे आजतागायत चालू आहे. या व्यापाराचे दप्तर मात्र आता वह्यांत राहिलेले नाही. गल्ल्यावरचा संगणक, भाव दाखवणारा पडदा आणि वजनकाट्याशेजारची लेबले छापणारी पेटी यांच्या स्वाधीन ते झाले आहे. अशा काही दुकानांतील यंत्रांची देखभाल माझ्याकडे आहे, आणि त्यांची कार्यप्रणाली जिथे तयार होते ते स्थळ म्हणजे तांदळाच्या पोत्यांच्या थप्प्यांमागे मांडलेले तळघरातले एक टेबल होय.

प्रत्येक यंत्रावर कार्यप्रणाली हाताने बसवण्याची रीत आम्ही केव्हाच सोडली, कारण हाताने बसवलेली दोन यंत्रे कधीच तंतोतंत सारखी निघत नाहीत. आता एका फाइलीत सारा तपशील लिहून ठेवलेला असतो. दुकान बंद झाले की तो तपशील वाचून एक प्रोग्रॅम रिकाम्या जागेत डेबियन या लिनक्स कार्यप्रणालीचा पाया घालतो, त्यावर पॅकेजे चढवतो, छपाईची व नेटवर्कची व्यवस्था लावतो आणि अखेरीस या साऱ्याची एक अखंड इमेज बांधून सर्व यंत्रांकडे रवाना करतो. इअन मर्डॉक यांनी 1993 साली सुरू केलेल्या या प्रणालीच्या भांडारातील पॅकेजांची यादी डिजिटल सहीची मोहोर घेऊनच येते, आणि मोहोर पटल्याखेरीज त्यातले काही स्वीकारू नये असा यंत्राला सक्त हुकूम असतो.

बांधणी मध्येच थांबली तर नवखा मनुष्य लॉगची शेवटची ओळ वाचतो, आणि तिथेच त्याची वाट चुकते. कारण शेवटच्या ओळीत काम अयशस्वी झाल्याची केवळ वर्दी असते, मूळ तक्रार शेकडो ओळी वर, एखाद्या किरकोळ भासणाऱ्या वाक्यात दडलेली असते. एकदा एका जुन्या यंत्राने अपडेट घेण्याचे साफ नाकारले, आणि लॉग उलटा वाचत गेल्यावर आढळले ते असे की भांडाराची यादी अद्याप वैध झालेलीच नाही, ती भविष्यकाळातील आहे, असे त्या यंत्राचे म्हणणे होते. मदरबोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी संपल्यामुळे त्याचे घड्याळ काही महिने मागे पडले होते, आणि इंटरनेटवरून वेळ विचारण्याचा मार्ग दुकानाच्या राउटरने अडवलेला होता. बॅटरी बदलली, तो मार्ग मोकळा केला, आणि अपडेट बिनतक्रार पार पडले. यंत्राचा तो नकार मला यथार्थ वाटला: तारखेची शंका असताना मोहोर मान्य न करणे हेच त्याचे कर्तव्य होते.

मला खरे भय वाटते ते मुकाट्याने यशस्वी होणाऱ्या बांधणीचे. इमेज आटोपशीर राहावी म्हणून सोबत शिफारस केलेली पॅकेजे घेऊ नयेत, अशी आज्ञा तपशिलात घालण्याचा प्रघात आहे. ती आज्ञा नव्याने घातल्यावर बांधणी निर्विघ्न झाली, यंत्रे सुरू झाली, आणि सकाळी भाजणीच्या पुड्यांवर इंग्रजी नावाखाली देवनागरीऐवजी रिकाम्या चौकोनांची रांग उमटली. काउंटरवरच्या काकू लेबल पुढे करून म्हणाल्या, "अहो, रात्री सगळं नीट झालं म्हणता, मग ही कोरी घरं कसली?" देवनागरीचा टंक आजवर कोणी मागितलेला नव्हता, तो शिफारशीच्या वाटेने आपोआप येत होता, आणि ती वाट बंद होताच कुठलीही तक्रार न नोंदवता येईनासा झाला. 10 जून 2023 रोजी डेबियनची 12 वी आवृत्ती निघाली तेव्हाही असाच प्रसंग उद्भवला. वायफायच्या चिपांना लागणारे फर्मवेअर त्या आवृत्तीत निराळ्या विभागात हलवले गेले, आणि ज्यांच्या तपशिलात जुन्याच विभागाचे नाव राहिले त्यांना नव्या आवृत्तीचे फर्मवेअर मिळेना.

याहून चमत्कारिक प्रकार एकाच इमेजच्या अनेक प्रतींचा. लिनक्सच्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक ओळखक्रमांक असतो. बांधणीच्या वेळी तो इमेजमध्येच राहून गेला की सर्व यंत्रे एकाच नावाची निघतात. नेटवर्कचा कारभार सिस्टमडी या लिनक्सच्या व्यवस्थापक प्रोग्रॅमकडे असेल, तर त्या क्रमांकाच्या आधारे ती राउटरकडे एकच पत्ता मागतात, आणि एक गल्ला सुरू झाला की दुसरा बंद पडतो. वायर आणि राउटर बदलण्यात लोकांच्या रात्री जातात. उपाय मात्र बांधणीच्या शेवटी त्या क्रमांकाची फाइल रिकामी करणे एवढाच, म्हणजे प्रत्येक यंत्र पहिल्या प्रारंभी स्वतःचा क्रमांक स्वतः निर्माण करते.

19 जुलै 2024 चा जागतिक अनर्थही अशाच, मुकाट्याने पुढे गेलेल्या चुकीच्या जातीचा होता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचे एक अपडेट शिकागोच्या घड्याळानुसार आदल्या रात्री 11 वाजून 9 मिनिटांनी सुटले. त्यात 21 मूल्यांची अपेक्षा होती, प्रत्यक्षात प्रोग्रॅम 20 च पुरवीत होता, आणि तपासणीच्या पायरीने ही विसंगती निमूटपणे पुढे जाऊ दिली. ते 78 मिनिटांत मागे घेण्यात आले, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे विंडोजची 85 लाख यंत्रे कोलमडली होती. आणि पुन्हा पुन्हा कोसळणाऱ्या यंत्राला दुरुस्तीचे अपडेट गाठू शकत नसल्यामुळे अनेक ठिकाणी माणसांना एकेका यंत्रापुढे बसून ती सदोष फाइल हाताने काढावी लागली.

तेव्हापासून आमच्या तपशिलात तजवीज वाढवली आहे. इमेज तयार होताच आभासी यंत्रात ती चालवून पाहिली जाते; तिच्यात मराठीचा टंक आहे का, फर्मवेअर आहे का, ओळखक्रमांकाची फाइल रिकामी आहे का, हे प्रश्न तिला विचारले जातात, आणि एकाचेही उत्तर चुकले की बांधणी तिथेच, मोठ्याने, थांबते. क्रोमओएसप्रमाणे प्रत्येक यंत्राच्या डिस्कवर दोन विभाग ठेवले आहेत. नवी इमेज वापरात नसलेल्या विभागात उतरते, आणि ती धड सुरू झाली नाही तर यंत्र जुन्या विभागावर परतते. नव्या इमेजचा पहिला मान लेबलांच्या पेटीला मिळतो, गल्ल्याला सर्वांत शेवटी. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात सुरक्षेच्या दुरुस्त्यांखेरीज काहीही रवाना करायचे नाही असे मालकांशी ठरले आहे, आणि त्या दुरुस्त्याही दुकान बंद झाल्यावर, मी स्वतः तळघरात हजर असतानाच.