पेपर संपले नि डोकं उठलं

दहावीचा शेवटचा पेपर सुटतो. पोरं आरडाओरडा करत परीक्षा केंद्राबाहेर पडतात, शाईच्या पिचकाऱ्या उडतात, कुणी तसंच क्रिकेटला पळतं. त्यांच्यातलीच एखादी मात्र घरी येते, दप्तर टाकते, ओढणी कपाळाला करकचून बांधते आणि अंधाऱ्या खोलीत आडवी होते. उजेड सोसत नाही, टीव्हीचा आवाज सोसत नाही, फोडणीचा वास आला की उलटी. आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरला मार्च-एप्रिलचं ऊन असतं, त्यामुळे घरच्यांचं निदान तयारच असतं: ऊन लागलं, नाहीतर दृष्ट लागली. हाच प्रकार पुन्हा झाला की मग तिसरं निदान, नाटकं. ‘पेपर चालू होते तेव्हा बरं नाही दुखलं!’

हे तिसरं निदान सगळ्यात चुकीचं आहे. मायग्रेनचं, म्हणजे आपल्या अर्धशिशीचं, ताणाशी नातं आहे हे सगळेच मानतात. पण डोकं ताण वाढल्यावरच दुखतं असं नाही, ताण उतरतानाही उठतं. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी 2014 साली मायग्रेनच्या 17 रुग्णांच्या रोजच्या नोंदी तपासल्या. आदल्या दिवसापेक्षा ताण कमी झाला की पुढच्या काही तासांत दुखणं उठण्याची शक्यता वाढत होती. रुग्ण थोडे आणि सगळे प्रौढ, हे खरं. तरी परीक्षा संपल्यावर किंवा रविवारी सकाळी डोकं धरून बसलेल्या मुलांच्या आयांना यात नवल वाटणार नाही. ताणाच्या काळात शरीर कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक जास्त सोडतं आणि ते वेदना काही प्रमाणात दाबून ठेवतं. ते एकदम उतरलं की दबलेलं वर येतं, असा संशोधकांचा कयास आहे.

मेंदूत हे घडतं कुठे? हायपोथॅलॅमस हा मेंदूच्या तळाशी असलेला छोटासा भाग झोप, भूक, तहान आणि ताण या सगळ्यांचा हिशेब ठेवतो. जर्मनीत हॅम्बुर्गच्या शास्त्रज्ञांनी एका रुग्णाच्या मेंदूचं महिनाभर रोज स्कॅन केलं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दुखणं सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच हायपोथॅलॅमसची सक्रियता बदललेली दिसली. पुढे चेहऱ्याच्या आणि मेंदूच्या आवरणाच्या संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस चेतते, सीजीआरपी नावाचं रसायन सुटतं आणि कपाळात ठणके सुरू होतात. म्हणजे ठणका लागतो तेव्हा झटका बराच पुढे गेलेला असतो. आदल्या दिवशी चिडचिड, जांभयांवर जांभया, मान आखडणं, गोड खावंसं वाटणं, हीसुद्धा त्याचीच सुरुवात असू शकते. ‘काल आईशी भांडली म्हणून आज डोकं दुखतंय’ असं आपण म्हणतो. कधी कधी ते भांडणच झटक्याचा पहिला अंक असतं.

मायग्रेनच्या मेंदूची आणखी एक खोड आहे. गुडीहत्नूरच्या छातीवरून 44 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो, रात्रभर ट्रक धडधडत असतात. पाहुण्याला झोप लागत नाही, गावकऱ्याला ट्रक ऐकूच येत नाहीत. मायग्रेनचा मेंदू त्या पाहुण्यासारखा असतो. तोच उजेड, तोच आवाज पुन्हा पुन्हा आला तरी त्याला सवय होत नाही, दोन झटक्यांच्या मधल्या निवांत दिवसांतही अनेकांत हे मोजता येतं. अशा मेंदूला ताणापेक्षाही बदल जास्त झोंबतो.

आणि बदल म्हटले तर इथल्या पोरांच्या वाट्याला भरपूर आहेत. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात गेले, आदिलाबादचा उरलेला मुलूख तेलुगू राज्यात राहिला. त्यामुळे घरी मराठी, शाळेत तेलुगू आणि आता पेपर इंग्रजीत, अशी तीन भाषांची कसरत कितीतरी मुलं रोज करतात. त्यात आदिलाबादची बस गाठायची म्हणून सकाळी उपाशीपोटी निघणं, सुट्टीच्या दिवशी कापूस वेचायला भर उन्हात जाणं, वसतिगृहात पहाटेची घंटा. वयात येताना शरीराचं घड्याळ तासा-दोन तासांनी मागे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही. शाळेची वेळ मात्र तीच.

आता रविवार पाहा. ताण उतरलेला, झोप लांबलेली, नाश्ता हुकलेला, आणि त्यात डोक्यावरून अंघोळ. ही शेवटची गोष्ट परदेशी पुस्तकांत क्वचितच सापडते. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी 2006 साली अशा 94 भारतीय रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, ज्यांचं मायग्रेन न्हाण्यानंतर उठत होतं. लांब केसांच्या मुलींनी आणि त्यांच्या आयांनी हे वाचून ‘मी म्हणतच होते’ असं म्हणायला हरकत नाही.

मुलांचं मायग्रेन ओळखायला मात्र कठीण. मोठ्यांसारखी अर्धी बाजू न दुखता बहुधा सगळं कपाळ दुखतं, आणि दोन तासांत थांबूही शकतं. तास-दीड तास झोप झाली की मूल खेळायला तयार, म्हणून लोकांना संशय. मग चष्मा लागतो, सायनसची औषधं होतात, पण दुखणं जागच्या जागी राहतं. वयात येईपर्यंत मुलगे आणि मुली जवळपास बरोबरीने सोसतात, पाळी सुरू झाल्यावर मुलींचं प्रमाण वाढतं, कारण पाळीच्या सुमारास इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं. इथेही उतरणंच!

औषधांच्या बाबतीत एक गंमत आहे, गंभीर गंमत. अमेरिकेत 8 ते 17 वयाच्या मुलांना रोज घ्यायची दोन नेहमीची औषधं आणि एक खोटी गोळी देऊन तुलना केली. निकाल 2017 साली आला. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आलेली मुलं अमिट्रिप्टिलिनवर 52 टक्के, टोपिरामेटवर 55 टक्के आणि खोट्या गोळीवर 61 टक्के. यावरून दुखणं खोटं ठरत नाही. कुणीतरी नीट ऐकून घेतं, नोंदी ठेवायला लावतं, याचा मुलांच्या मेंदूवर खरोखर परिणाम होतो, असा मी त्याचा अर्थ लावतो. त्याआधी, 2013 साली, सिनसिनाटीच्या डॉक्टरांनी सतत डोकं दुखणाऱ्या 135 मुलांना अमिट्रिप्टिलिन दिलं. निम्म्यांना जोडीला ताण हाताळायचं प्रशिक्षण मिळालं: सावकाश श्वास, स्नायू सैल सोडणं, विचारांची दिशा बदलणं. बाकीच्यांना डोकेदुखीची माहिती आणि तेवढाच वेळ. वीस आठवड्यांनी पहिल्या गटातल्या 66 टक्के मुलांचं दुखणं निम्म्यावर आलं होतं, दुसऱ्यात 36 टक्के.

तसं प्रशिक्षण देणारा माणूस गुडीहत्नूरला कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. पण भिंतीवरचं कालनिर्णय घरोघर असतं. दुखलं त्या तारखेला फुली, शेजारी झोप, जेवण, पाळी, पेपर याची एका शब्दात नोंद. दोन-तीन महिन्यांत तारखा स्वतःच बोलू लागतात. दुखणं सुरू होताच, तळमळून झाल्यावर नव्हे, डॉक्टरांनी वजनानुसार ठरवलेली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घ्यावी. सोळा वर्षांखालच्या मुलांना अ‍ॅस्पिरिन नको. आणि महिन्यातून पंधरा दिवस गोळ्या लागत असतील तर गोळ्याच दुखणं वाढवत असण्याची शक्यता असते. अचानक वीज कोसळल्यासारखं दुखलं, ताप येऊन मान ताठली, हातपाय लुळे पडले, तोल जाऊ लागला, किंवा रोज पहाटे उलटीनेच जाग येऊ लागली, तर कालनिर्णय बाजूला ठेवून थेट आदिलाबादचं रिम्स रुग्णालय गाठायचं.

तिथे डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात: घरात आणखी कुणाला आहे का? मायग्रेन बऱ्यापैकी आनुवंशिक आहे. मग मुलीला घेऊन आलेली आई जरा थांबते आणि सांगते की कापसाच्या दिवसांत आपलंही डोकं असंच उठतं, पण त्यात काय सांगायचं. ओपीच्या दोन चिठ्ठ्या काढायला हरकत नाही.